नीसचा काठ

नीस शहराचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येतं ते पैशाचं चित्र. नेग्रेस्को हॉटेलचा गुलाबी घुमट, निळ्या पाण्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या याट्‌स, शेजारच्या कान शहरातला चित्रपट महोत्सव, पलीकडच्या मोनाकोतले जुगाराचे महाल. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातला हा किनारा श्रीमंतांसाठीच घडला असावा आणि आपल्यासारख्यांनी दोन दिवस जाऊन दुसऱ्याच्या घरची रोषणाई बघून परत यावं, असं पाहुण्याला वाटतं. हा समज मला साफ चुकीचा वाटतो, आणि तो खोडून काढणारा पुरावा त्या शहराच्या इतिहासातच आहे. नीसमधली सगळ्यांत मोलाची गोष्ट फुकट आहे. समुद्राच्या काठाने जाणारा सुमारे ७ किलोमीटरचा रस्ता आणि त्याच्या पायथ्याचा गोट्यांचा किनारा, एवढंच तिचं वर्णन. रस्त्याचं नाव ‘प्रोमेनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता. हॉटेलं, घुमट, जुगारघरं ही सगळी नंतर आली, आणि या मोकळ्या काठाच्या ओढीनेच आली.

अठराव्या शतकात खुद्द नीसकरांना या काठाचं काही कौतुक नव्हतं. जुनं शहर टेकडीच्या पायथ्याशी अरुंद गल्ल्यांत दाटीने वसलेलं होतं, आणि पायोन नदीच्या पलीकडचा पश्चिमेचा किनारा म्हणजे गोटे, बागा आणि कोळ्यांच्या होड्या. १७६३ साली टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर आणि कादंबरीकार छातीच्या दुखण्याला कंटाळून इथे आला. तो रोज हवामानाची नोंद ठेवायचा. उन्हाळा येताच तो समुद्रात उतरून आंघोळ करू लागला, तेव्हा बघणाऱ्यांना त्याचं नवल वाटलं. १७६६ साली त्याचं प्रवासाचं पुस्तक निघालं आणि नीसची हवा इंग्लंडच्या घराघरांत पोचली. आपल्याकडे डॉक्टर एके काळी ‘हवापालट करा’ म्हणून पाचगणीला धाडत, तसे इंग्लंडचे डॉक्टर आपले रोगी नीसला धाडू लागले. ऑक्टोबरात यायचं आणि उन्हाळा सुरू होण्याआधी परतायचं, असा रिवाज पडला. त्या वेळी नीस फ्रान्समध्ये नव्हतंच. ते सव्हॉय घराण्याच्या राज्यात होतं आणि १८६० मध्ये फ्रान्सकडे गेलं. इटलीच्या एकीकरणासाठी आयुष्य वेचलेला गॅरिबाल्डी याच गावात १८०७ साली जन्मला, आणि आपलं जन्मगाव परक्या देशाच्या पदरात पडलं याचं दुःख त्याला अखेरपर्यंत राहिलं.

रस्त्याची गोष्ट १८२० च्या दशकाच्या सुरुवातीची. एका कडाक्याच्या हिवाळ्यात थंडीने संत्र्याच्या बागा करपल्या, बागांवर पोट असणारे लोक उघड्यावर आले आणि शहरात भिकाऱ्यांची गर्दी झाली. हिवाळ्याला आलेल्या इंग्रजांमध्ये ल्युईस वे नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या भुकेल्या लोकांना काम दिलं, समुद्राच्या कडेने चालण्यापुरती वाट बांधायचं. वाट जेमतेम दोन मीटर रुंद होती. स्थानिक बोलीत तिला ‘इंग्रजांची वाट’ म्हणू लागले आणि पुढे तेच नाव फ्रेंच होऊन कायम झालं. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, दुष्काळी काम. महाराष्ट्रातले कितीतरी रस्ते, पाझर तलाव आणि नालाबंडिंगची कामं अशीच दुष्काळात उभी राहिली, आणि त्यांच्याकडे बघताना मागची भूक आपल्याला ओळखू येते. नीसचा हा रस्ता बघताना ती कुणाला आठवत नाही. जगातल्या सगळ्यांत दिमाखदार समजल्या जाणाऱ्या रस्त्यांपैकी एकाची पहिली खडी उपाशी माणसांच्या हातांनी पडली, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दिमाखाच्या मुळाशी भूक होती, तशीच मरणाची भीतीही होती. पुढच्या शतकभरात इथे आलेल्यांपैकी कितीतरी जण क्षयाचे रोगी होते, आणि त्यांतले बरेच परत गेले नाहीत. इंग्लंडच्या चर्चमध्ये आजही गायलं जाणारं एक प्रसिद्ध स्तोत्र लिहिणारे हेन्री लाइट १८४७ मध्ये नीसलाच वारले. रशियाचा युवराज निकोलस १८६५ साली इथे ऐन विशीत गेला. कांद्याच्या आकाराचे रंगीत घुमट असलेलं नीसचं रशियन कॅथेड्रल १९१२ साली त्याच परिसरात उभं राहिलं, आणि आज पाहुणे त्याच्यासमोर हसत फोटो काढतात. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला, तो रोग संसर्गाने पसरतो हे सिद्ध झालं आणि ज्या खोकणाऱ्या माणसांनी हे गाव श्रीमंत केलं त्यांनाच हॉटेलवाले टाळू लागले. याच सुमारास, १८८७ मध्ये, स्टेफान लिएझार या लेखकाच्या पुस्तकाने या किनाऱ्याला ‘कोत दाझ्यूर’, म्हणजे निळाईचा किनारा, हे नाव मिळालं. रोग्यांचं गाव रंगाचं गाव झालं. पाणी मात्र आधीही तितकंच निळं होतं.

किनाऱ्याचं सौंदर्य माणसाच्या मनाने किती घडवलेलं असतं याचा याहून ठळक पुरावा ऋतूंचा आहे. १९२० च्या दशकापर्यंत नीसचा हंगाम हिवाळ्याचा होता. उन्हाळ्यात मोठी हॉटेलं चक्क बंद असत. ऊन टाळायचं असतं, छत्री घेऊन फिरायचं असतं, रापलेली कातडी ही शेतमजुराची आणि कोळ्याची खूण, असं युरोपातली श्रीमंत माणसं मानत होती. १९२३ साली शेजारच्या आंतीबमध्ये एका अमेरिकन जोडप्याने हॉटेलवाल्याला उन्हाळ्यातही हॉटेल चालू ठेवायला राजी केलं आणि बघता बघता चाल उलटी झाली. रापलेलं अंग ऐटीचं ठरलं, कारण कारखान्यात आणि कचेरीत डांबलेल्या माणसाला ते परवडत नव्हतं. ज्या उन्हापासून आजी पळाली त्याच उन्हासाठी नात पैसे मोजू लागली. म्हणून नीसची ‘नैसर्गिक’ जादू वगैरे कुणी सांगू लागलं तर ते मी अर्धंच मानतो. डोंगराने अडवलेली उत्तरेची थंडी आणि उपसागराचं अर्धवर्तुळ ही निसर्गाची देणगी खरीच. त्या देणगीला मोल आलं ते दर पिढीच्या गरजेतून, आणि गरज बदलली तसा दिमाखही बदलला. टिकला तो काठ.

इथे एक जबर आक्षेप उभा राहतो, आणि मराठी वाचकाने तो उचलायलाच हवा. हा रस्ता ज्या इंग्रजांच्या नावाने ओळखला जातो त्यांचा पैसा आला कुठून? १८९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया राणी नीसच्या सिमिए टेकडीवरच्या नव्याकोऱ्या रेजिना हॉटेलात उतरली होती. तिच्यासोबत आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम होता, आणि त्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून तिच्या दरबारी मंडळींत मोठं वादळ उठलं होतं. त्याच मार्च-एप्रिलमध्ये तिच्याच नावाने चाललेल्या राज्यात, पुण्यात, प्लेग कमिशनर रँडचे गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. माणसं क्वारंटाइनच्या छपरांत कोंडली जात होती, सामान रस्त्यावर फेकलं जात होतं. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ज्या राणीच्या नावाने त्या रात्री पुण्यात रोषणाई झाली, ती दोन महिन्यांपूर्वी भूमध्य समुद्राकाठी वसंत अनुभवत होती. दोन गोष्टी एकाच साम्राज्याच्या आहेत आणि त्या एकत्रच वाचायला हव्यात. प्रोमेनादचं रुंदीकरण होऊन १९३१ साली त्याचं उद्घाटन झालं ते ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते. ते व्हिक्टोरियाचे चिरंजीव आणि एके काळचे मुंबई लष्कराचे सरसेनापती. तेव्हा नीसच्या दिमाखात आपल्या मुलुखाच्या घामाचाही वाटा आहे, असं कुणी म्हणालं तर मला ते नाकारता येणार नाही.

पण या आक्षेपातून ‘म्हणून नीस आपलं नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. साम्राज्याच्या पैशाने जे जे खाजगी बांधलं गेलं त्याचं काय झालं ते बघा. राणीसाठी सजलेलं रेजिना हॉटेल म्हणून चाललं नाही, त्याची राहती घरं झाली आणि १९३८ पासून चित्रकार मातीस तिथे राहायला आला. तो तिथेच सिमिएच्या दफनभूमीत विसावला आहे. नेग्रेस्को १९१३ साली थाटात उघडलं, पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, हॉटेलचं रुग्णालय झालं, आणि ज्याच्या नावाने आज पर्यटक फोटो काढतात तो आंरी नेग्रेस्को १९२० मध्ये कर्जबाजारी होऊन मेला. सगळ्यांत बोलकी गोष्ट ‘जेते-प्रोमेनाद’ या जुगारघराची आहे. समुद्रात खांबांवर उभा केलेला तो लोखंड-काचेचा महाल, रस्त्यापासून थेट पाण्यात शिरलेला. १८८३ मध्ये उद्घाटन झाल्यावर काही दिवसांतच तो जळाला. पुन्हा बांधून १८९१ मध्ये उघडला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जर्मन सैन्याने धातूसाठी तो उतरवून नेला. आज त्याच्या जागी पाणी आहे. समुद्रावर मालकी सांगणारी इमारत गेली आणि भुकेल्यांनी बांधलेली वाट राहिली. २०२१ साली युनेस्कोने ‘रिव्हिएरावरचं हिवाळी विश्रामनगर’ म्हणून नीसला जागतिक वारशात घेतलं, तेव्हा मान त्या संपूर्ण नगररचनेला मिळाला. माझ्या लेखी तिचा कणा ही वाटच आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. गर्दीने सगळं बिघडलं, जुनं शालीन नीस राहिलं नाही, ही तक्रार फार जुनी आहे आणि प्रत्येक पिढीने ती आपल्यानंतर आलेल्यांबद्दल केली. १८६४ मध्ये रेल्वे आली तेव्हा घोडागाडीने येणारे सरदार-दरकदार हळहळले. १९३६ मध्ये लेआँ ब्लूम यांच्या सरकारने फ्रेंच कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजा देणारा कायदा केला, सवलतीची रेल्वे तिकिटं निघाली, आणि खाणीत, गिरणीत राबणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला. त्यांना बघून ज्यांनी नाकं मुरडली त्यांचं शालीन नीस खरोखरच संपलं होतं. संपलं ते बरं झालं. समुद्र बघून न हरखणारा माणूस मला माहीत नाही, आणि तो हरखण्याचा हक्क भाड्याच्या पावतीवर ठरावा हे मला अन्यायाचं वाटतं. गर्दीचा त्रास आहे, उन्हाळ्यात प्रोमेनादवर पाय ठेवायला जागा नसते हेही कबूल. तरी गर्दी हे काठाचं यश आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड. काठ मोकळा असल्याचं तुम्ही म्हणता, पण गोट्यांवर ठिकठिकाणी खाजगी हॉटेलांच्या गाद्या, छत्र्या, पेयांचे ट्रे दिसतात. मग मोकळं काय राहिलं? इथे कायदा समजून घ्यावा लागतो. समुद्रकिनारा राजाचा किंवा कुणा एकाचा नसून सर्वांचा, हा विचार रोमन कायद्यापासून चालत आलेला आहे. फ्रान्समध्ये मंत्री कॉल्बेरच्या काळात १६८१ साली निघालेल्या सागरी हुकुमनाम्याने भरतीचं पाणी पोचतं तिथवरचा पट्टा किनारा ठरवला आणि त्यावर बांधकामाला मनाई केली. १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खाजगी जमिनींतूनही तीन मीटरची पायवाट लोकांसाठी सोडायला लावली. कॅप फेरा या अब्जाधीशांच्या भूशिरावर आज कुणीही त्यांच्या बंगल्यांच्या कुंपणाखालून समुद्राकाठी चालत जाऊ शकतो, ते या विचारामुळे. आणि ३ जानेवारी १९८६ च्या कायद्याने सांगून टाकलं की किनाऱ्याचा मूळ उपयोग म्हणजे लोकांचा मोफत आणि मुक्त वापर. खाजगी गाद्यांना मिळतो तो मुदतीचा परवाना. मालकी मिळत नाही. नैसर्गिक किनाऱ्याचा ८० टक्के भाग मोकळा ठेवायचा, आणि गाद्यांच्या समोरूनही पाण्याच्या कडेने जायला कुणाला अडवायचं नाही, असा नियम आहे. नियम आणि वागणूक यांत अंतर असतं, कुठे कुणी हटकतंही. पण हटकणाऱ्याला तिथे कायद्याने उत्तर देता येतं, आणि हे लहान नाही.

हा हक्क कागदावरचाच असता तर २०१५ च्या जुलैत जे घडलं ते घडलं नसतं. नीसपासून जवळच वालोरीस गावात सौदी अरेबियाचे राजे सलमान आपल्या समुद्रालगतच्या हवेलीत सुट्टीला आले. सुरक्षेसाठी हवेलीखालचा छोटा सार्वजनिक किनारा बंद करण्यात आला. त्याआधी किनाऱ्यावर लिफ्टसाठी काँक्रीटही ओतलं गेलं होतं. पोहायला येणाऱ्या साध्या माणसांनी विरोध केला, निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या, आणि राजे अपेक्षेपेक्षा लवकर, आठवडाभरातच, मोरोक्कोला निघून गेले. जाण्याचं कारण काहीही असो, किनारा पुन्हा उघडला. एवढ्याशा किनाऱ्यासाठी एवढे लोक भांडले याचं कारण मूठभर वाळूपेक्षा मोठं होतं. तिकडे नीसपासून वीसेक किलोमीटरवर मोनाको आहे. तिथे समुद्र हटवून सुमारे ६ हेक्टर नवी जमीन केली गेली, तिच्यावर जगातली महागात महाग घरं उभी राहिली, आणि २०२४ च्या अखेरीस त्या वसाहतीचं उद्घाटन झालं. एकाच समुद्राकडे बघायच्या या दोन रीती आहेत. मी कुठल्या बाजूला आहे ते सांगायला नको. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर संध्याकाळी शेंगदाणे खात बसणाऱ्या कुणालाही विचारा, तोही याच बाजूचा निघेल.

किनारा कुणाचा, हा प्रश्न याच समुद्राकाठी मराठी माणसाच्या वाट्याला फार वेगळ्या अर्थाने आला आहे. नीसच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर मार्सेय बंदर आहे. ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी तिथे उडी घेतली आणि पोहत फ्रान्सच्या धक्क्याला लागले. तिथल्या शिपायाने त्यांना पकडून परत ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हाती दिलं. फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकलेल्या माणसाला असं परत देणं योग्य होतं का, हा खटला हेगच्या लवादापुढे गेला आणि १९११ मध्ये लवादाने सांगितलं की हस्तांतरात गैर झालं, तरी ब्रिटनने कैदी परत करायची गरज नाही. कुणासाठी हा काठ उन्हाची गादी होता, कुणासाठी शेवटचा श्वास, आणि कुणासाठी स्वातंत्र्याची पहिली पायरी. आपल्या घरांत हा किनारा हॉटेलांमुळे नव्हे तर त्या उडीमुळे पोचला आहे. नीसला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मार्सेयसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

मोकळ्या काठाची किंमतही नीसने मोजली आहे. १४ जुलै २०१६ च्या रात्री, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी संपल्यावर प्रोमेनादवर एका ट्रकने माणसं चिरडली. ८६ जण गेले, त्यांत कितीतरी लहान मुलं. तिकीट नाही, दरवाजा नाही, सगळ्या धर्मांची, सगळ्या ऐपतीची कुटुंबं लेकरांना खांद्यावर घेऊन उभी होती, म्हणूनच ती जागा निवडली गेली असावी. त्यानंतर काठाला भिंत घालता आली असती. शहराने गाडी अडवणारे खांब आणि लोखंडी दोर बसवले, आणि रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी होता तसा मोकळा ठेवला. नीसबद्दल मला वाटणारा आदर मुख्यतः या निर्णयासाठी आहे.

या शहराबद्दल एक गोष्ट मला टोचते, आणि ती लपवणं बरोबर नाही. घरांच्या किमती आणि पर्यटकांना दिलेल्या अल्पमुदतीच्या भाड्यांमुळे ज्यांच्या हातांनी हे गाव चालतं ते स्वयंपाकी, सफाई कामगार, वेटर किनाऱ्यापासून दूर दूर ढकलले जात आहेत. काठ सगळ्यांचा असून काठालगत राहणं सगळ्यांचं नसेल, तर हक्क अर्धाच उरतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणता येतं की संध्याकाळी काम संपवून तोच माणूस पाण्यात पाय सोडून बसू शकतो, आणि पैसे मोजणाऱ्याइतकाच हक्काने बसू शकतो.

म्हणून नीसला गेलात तर आधी जुन्या शहरात शिरा. कुर सालेयाच्या बाजारात फुलं आणि भाज्या बघा. ‘सोका’ नावाचा पदार्थ मागा. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात पाणी आणि ऑलिव्हचं तेल घालून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं ते धिरडं पूर्वी मजुरांची न्याहारी होतं, आणि आपल्या बेसनाच्या पोळ्याची चव माहीत असलेल्या जिभेला ते लगेच ओळख देईल. मग प्रोमेनादवर या. रस्त्याच्या कडेने समुद्राकडे तोंड करून निळ्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत. १९५० च्या सुमारास त्यांची रचना झाली, आणि एके काळी अशा खुर्च्यांवर बसायचे पैसे पडत. आता पडत नाहीत.